जोर्वे संस्कृतीचा ऱ्हास
गोदावरी-प्रवरा व भीमा खोऱ्यांतील ताम्रपाषाणयुगीन कृषिसंस्कृती (सु. इ. स. पू. १४००–७००). प्रवरेकाठचे दायमाबाद इ. स. पू. १००० च्या सुमारास ओस पडले. घोड नदीवरील इनामगाव (जि. पुणे) मात्र आणखी सुमारे तीन शतके तगले. डेक्कन कॉलेजने तेथे केलेल्या उत्खननात (१९६८–८२) ही घसरण थरागणिक दिसते : ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती मागे पडली, शिकारीवरची भिस्त वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते मूळ कारण वाढते अवर्षण. इनामगावकरांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट खणला होता; पण नदीलाच पाणी नसेल तर पाट काय करणार? अखेरीस लोक अर्धभटके झाले. ऱ्हासाला परचक्र कारणीभूत मानण्यापेक्षा हे स्पष्टीकरण अधिक पटते.