कायदा, कारखाना आणि शेजार

कारखान्यांविषयीच्या आपल्या कायद्यांचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, कुंपणापलीकडील शेजाऱ्याचा विचार त्यांत फार उशिरा शिरला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याची दृष्टी गिरणीच्या भिंतीआतच होती.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्यास वागळे इस्टेट वसली. मागाहून डोंबिवलीस रासायनिक कारखाने आले. मुंबईत जागा न परवडणाऱ्या चाकरमान्यांनी लोकलच्या भरवशावर येथेच बिऱ्हाडे केली, आणि कारखाना व घर यांतील अंतर उत्तरोत्तर तुटत गेले.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा कोठे कायद्यास शेजारी दिसला. घातक प्रक्रियेच्या धोक्याची माहिती आसपासच्या रहिवाशांसही द्यावी, असे १९८७ च्या दुरुस्तीने ठरविले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने, कोणाचा दोष हे सिद्ध करण्याची अट न घालता, तातडीची मदत ठरविली: मृत्यूस २५,००० रुपये, मालमत्तेच्या हानीस ६,००० रुपयांपर्यंत.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ माणसे दगावली. दूरदूरच्या इमारतींची तावदाने फुटली. पंचवीस वर्षे लोटली होती, तरी विम्याचे आकडे तेच होते. जन्माची पुंजी घालून घेतलेल्या घराची डागडुजी सहा हजारांत कशी व्हावी? २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा बळी गेले.

मधल्या काळात, २०२३ साली, जन विश्वास कायदा संमत झाला. पर्यावरण कायद्याच्या भंगास पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला. दंड न भरणाऱ्यास मात्र कैद राहिली. कैदेचा धाक क्वचितच खरा होई, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दंड हा व्यापाराच्या खर्चात मांडता येतो. शेजाऱ्याचा जीव कोणत्या खात्यावर मांडावयाचा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. धोक्याची माहिती रहिवाशांस देण्याचे बंधन तीतही आहे. आमच्या मते शेजाऱ्याचे खरे संरक्षण तेथेच आहे. भरपाई स्फोटानंतर मिळते. पलीकडच्या शेडमध्ये काय साठविले आहे, हे त्यापूर्वी कळले पाहिजे. तो हक्क कागदावर आलेला आहे. तो मागण्याचे काम आता आपले आहे.