लेन्सवरच्या रेघा आणि मारबतीची गर्दी

नागपुरात काळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांत फिल्म कॅमेरा घेऊन शिरलेल्या माझ्या पिढीला फोकस जुळवत बसायला उसंत नसायची. बडग्यांचे पुतळे, ढोल, बापाच्या खांद्यावरची पोरं, सगळं अंगावर येत असायचं. अशा वेळी आधार असे तो लेन्सच्या नळीवर कोरलेल्या रेघांचा. जुने छायाचित्रकार सांगत: अ‍ॅपर्चर आठवर, अंतर पंधरा फूट, मग नजर फक्त माणसांवर.

५० मि.मी.च्या लेन्सवर अंतर १५ फुटांवर लावलं, की दोन्ही बाजूंचे ८ चे आकडे साधारण १० आणि २९ फुटांसमोर येतात. एवढ्या पट्ट्यातली माणसं चालतील, असं ती डेप्थ ऑफ फील्डची पट्टी सांगते. खरं तर शार्प असतं ते १५ फुटांवरचंच. त्याच्या अलीकडचा-पलीकडचा प्रत्येक बिंदू निगेटिव्हवर चकतीसारखा पसरतो. ही चकती कुठवर खपवून घ्यायची, हे मात्र माणसाने ठरवलेलं आहे.

१९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्याचं निगेटिव्ह अवघं २४ बाय ३६ मि.मी.चं. तो बनवणाऱ्या लायट्झ कंपनीने चकतीची मर्यादा १/३० मि.मी. धरली आणि पुढे ३५ मि.मी. कॅमेऱ्यांच्या जगात आकडा त्याच्याच आसपास राहिला. ८ बाय १० इंचांची प्रिंट म्हणजे सुमारे सात पट मोठेपणा. तिच्यावर ही चकती पाव मि.मी.च्या आत राहते. प्रिंट हातात धरून बघणाऱ्याला ती सहसा खटकत नाही. रेघांमागचा करार एवढाच आहे.

वर्तमानपत्राच्या कामात हा करार आरामात पाळला जाई. इंचाला ६५ रेघांच्या स्क्रीनचा ब्लॉक असला, तर छपाईचे ठिपकेच एकमेकांपासून जवळजवळ ०.४ मि.मी. अंतरावर. दोन कॉलमी फोटोत चकती ०.१ मि.मी.च्या आसपास, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीत ती गडप व्हायची. तेच निगेटिव्ह प्रदर्शनासाठी १२ बाय १५ इंचांवर नेलं, की मोठेपणा दहा पटींच्या वर जातो आणि १० फुटांवरच्या ढोलवाल्याचा चेहरा मऊ दिसतो. रेघ तीच, निगेटिव्ह तेच; बदलली ती प्रिंट.

आज हौशी मंडळी जुन्या लेन्सा अ‍ॅडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मि.मी.चा असतो, म्हणजे जुनी परवानगी पाच पिक्सेलांहून मोठी. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहिलं, की पट्टीच्या कडेची माणसं धूसर दिसणारच. त्यात अ‍ॅडॅप्टरची जाडी थोडी जरी चुकली, तर अंतराचे आकडेच सरकतात. आमच्या विदर्भातला उन्हाळाही लेन्सच्या मुळावर येतो: नळीतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, पाती चिकटतात, शटर उघडेपर्यंत ती आठवर पोहोचतच नाहीत. मग पट्टी खरी असूनही खोली हाती येत नाही. म्हणून जुनी लेन्स घेताना आधी अनंताची खूण दूरच्या इमारतीवर तपासावी आणि पाती झटकन मिटतात का, ते पाहावं.

तरीही ही पट्टी टाकाऊ नाही. १९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर ऑटोफोकसचं राज्य आलं, फोकसच्या रिंगचा फेरा आखूड झाला आणि अनेक लेन्सांवरून या रेघा पुसल्या गेल्या. त्यांच्याबरोबर अंतर नजरेने मापायची सवयही गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठी प्रिंट करायची असेल, तर दोन स्टॉप आतली रेघ वाचावी: अ‍ॅपर्चर आठवर असताना चारच्या खुणा पाहाव्यात. मग १५ फुटांच्या फोकसला १२ ते २० फुटांचा पट्टा मिळतो, आणि चकतीची मर्यादा निम्मी होते. मारबतीत उतरणाऱ्या नव्या मुलांना मी हेच सांगतो: फोटो केवढा छापायचा ते आधी ठरवा, मग रेघ निवडा, तेवढं केलंत, तर गर्दीत ती रेघ डोळे मिटून माना.