बांधकामस्थळावरील मृदाधूप नियंत्रण परवाना (अमेरिका)

बांधकामासाठी झाडोरा साफ करणे, खोदाई, भराव किंवा सपाटीकरण सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागणारा परवाना. उघडी पडणारी माती धुपू न देण्याची आणि तरीही सुटलेला गाळ जागेच्या हद्दीतच अडवण्याची जबाबदारी तो घेणाऱ्यावर येते. इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्या परवान्याहून तो वेगळा आहे. जागेवर काय उभे राहणार हे नकाशा मंजूर करणारे पाहतात, तर ते उभे राहीपर्यंत मातीचे आणि पाण्याचे काय होणार हे या परवान्यात पाहिले जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो मुख्यतः १९७२ च्या ‘क्लीन वॉटर ॲक्ट’खाली दिला जातो. त्याशिवाय अनेक राज्यांचे स्वतःचे, काही ठिकाणी त्याहून जुने, कायदे आहेत.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. गवत किंवा पालापाचोळा असेल तर त्याचा जोर वरच्यावर जिरतो. उघड्या जमिनीवर मात्र ढेकळे फुटतात, सुटे कण उडतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरायचे थांबते, उतारावरून वाहू लागते, ओघळी पडतात आणि ओघळींच्या घळी होतात. बांधकामावर यात भर पडते ती अवजड यंत्रांची. पोकलेन आणि डंपरच्या वजनाखाली दबलेली जमीन पाणी फारसे पीतच नाही. एकदा पाण्यात उतरलेली बारीक माती परत मिळवणेही कठीण असते. वाळू काही सेकंदांत तळाशी बसते, पण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या जाडीच्या चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. कोणतेही कुंपण किंवा तळे पावसाचे पाणी इतके दिवस धरून ठेवू शकत नाही. म्हणून धूप रोखणे आणि गाळ अडवणे ही दोन कामे वेगळी मानली जातात. पहिले मुख्य आहे, दुसरे त्यातून निसटलेल्या मातीसाठी. परवान्याच्या अटी वाचताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर त्यांतल्या निम्म्या अटी निरर्थक वाटतात.

अमेरिकेत मातीच्या धुपीकडे सरकारी लक्ष गेले ते शेतीमुळे. १९३० च्या दशकातील ‘डस्ट बोल’ या धुळीच्या वादळांनंतर ह्यू हॅमंड बेनेट यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये मृदासंधारण सेवा स्थापन झाली. बांधकामाकडे लक्ष जायला आणखी तीस वर्षे लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांभोवती उपनगरे झपाट्याने वाढली आणि चेसापीक उपसागराला मिळणारे ओढे गाळाने भरू लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञ एम. गॉर्डन वॉल्मन यांनी १९६७ मध्ये मेरीलँडमधील नद्यांच्या गाळाचा हिशेब मांडला. जंगलाच्या जमिनीतून वर्षाला दर चौरस मैलामागे शंभर टनांहून कमी, शेतीतून काहीशे टन, तर बांधकाम चालू असलेल्या लहान क्षेत्रांतून एक लाख टनांपर्यंत आणि त्याहूनही अधिक गाळ येतो, असे त्यातून दिसले. रस्ते आणि छपरे झाली की हा आकडा पुन्हा खाली येतो. म्हणजे सर्वाधिक हानी जमीन उघडी असलेल्या एक-दोन वर्षांतच होते. या विषयावरच्या सगळ्या कायद्यांच्या मागे हा निष्कर्ष उभा आहे. मेरीलँडने १९७० मध्ये गाळनियंत्रणाचा राज्यव्यापी कायदा केला, मिशिगनने १९७२ मध्ये आणि न्यू जर्सीने १९७५ मध्ये.

केंद्रीय कायद्याचा रोख सुरुवातीला कारखान्यांच्या आणि मैलापाण्याच्या नळांवर होता. पावसाच्या पाण्याला सूट देण्याचा पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) प्रयत्न १९७७ मध्ये न्यायालयाने अमान्य केला. तरी प्रत्यक्ष नियम यायला १९८७ ची दुरुस्ती व्हावी लागली. १९९० च्या नियमांनी पाच एकर आणि त्यापुढील बांधकामस्थळांना परवाना सक्तीचा केला. १९९९ मध्ये ही मर्यादा एक एकरावर, म्हणजे चाळीस गुंठ्यांवर, आणली गेली आणि मार्च २००३ पासून तिची अंमलबजावणी झाली.

इथे मोजायची ती किती जमीन उघडी होणार ती. किती चौरस फूट बांधकाम होणार याला महत्त्व नाही. एकराहून लहान भूखंडही मोठ्या वसाहतीच्या आराखड्याचा भाग असेल तर त्याला परवाना लागतो, कारण नाही तर पन्नास एकरांची वसाहत पाव-पाव एकराचे तुकडे पाडून नियमातून सुटली असती. नेहमीच्या शेतीकामाला ही अट नाही. एक ते पाच एकरांपर्यंतच्या जागेला, काम अगदी कमी पावसाच्या काळात उरकणार असेल, तर सूट मागता येते. त्यासाठी विश्मायर आणि स्मिथ यांच्या मृदाहानीच्या समीकरणातला पावसाच्या मारक शक्तीचा गुणांक कामाच्या काळापुरता काढतात. तो पाचपेक्षा कमी भरला पाहिजे.

बहुतेक राज्ये परवाने स्वतः देतात. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरसारख्या मोजक्या राज्यांत, राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि बहुतेक आदिवासी भूभागांत ईपीएचा ‘कन्स्ट्रक्शन जनरल परमिट’ लागू होतो. त्याची मुदत पाच वर्षांची असते. १७ फेब्रुवारी २०२२ पासूनचा परवाना या मालिकेतला अलीकडचा असून राज्यांचे परवानेही ढोबळपणे त्याच धर्तीचे आहेत. हा ‘सर्वसाधारण’ परवाना आहे. प्रत्येक जागेसाठी वेगळा आदेश निघत नाही, अटी आधीच जाहीर असतात आणि अर्जदार त्या मान्य करून त्यांच्या कक्षेत येतो.

अर्ज कोणी करायचा हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो, पण बहुतेक वाद त्यावरूनच होतात. ज्याला आराखडा आणि तपशील बदलण्याचा अधिकार आहे तो एक ‘ऑपरेटर’, सहसा मालक किंवा विकसक. रोजच्या कामावर ज्याचा ताबा आहे तो दुसरा, म्हणजे मुख्य ठेकेदार. परवान्याच्या कक्षेत दोघांनाही यावे लागते. मालकाने ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराने माती उपसणाऱ्या उपठेकेदाराकडे बोट दाखवायची सोय यामुळे राहत नाही. ही तरतूद अत्यंत शहाणपणाची आहे.

पहिली पायरी म्हणजे पावसाच्या पाण्यातून होणाऱ्या प्रदूषणाच्या प्रतिबंधाचा आराखडा. व्यवहारात त्याला ‘स्विप’ म्हणतात. जागेचे उतार, मातीचा प्रकार, पाणी कुठून येते आणि कोणत्या ओढ्याला मिळते, कोणता भाग कधी उघडा पडणार, कोणती उपाययोजना कुठे आणि केव्हा बसणार, तिची देखभाल कोण करणार, हे सारे त्यात नकाशासह येते. संकटग्रस्त प्राणी-वनस्पती आणि ऐतिहासिक वास्तू यांना बाधा पोचते का, याचीही तपासणी करावी लागते. आराखडा आधी तयार पाहिजे. त्यानंतर परवान्याच्या कक्षेत येत असल्याची सूचना, म्हणजे ‘एनओआय’, कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने ऑनलाइन भरायची. ती पोचल्याची नोंद झाल्यापासून चौदा दिवसांनी, हरकत निघाली नाही तर, काम सुरू करता येते. परवाना घेतल्याची पाटी रस्त्यावरून वाचता येईल अशी लावावी लागते आणि आराखडा जागेवर किंवा सहज उपलब्ध ठेवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो विकतच्या नमुन्यावरून उतरवलेला असतो. उतार एका दिशेला आणि नकाशातला बाण दुसऱ्या दिशेला, असे आराखडे दप्तरी जमा होतात, ही दुःखाची गोष्ट आहे. चांगला आराखडा करणारा माणूस आधी पावसात त्या जागेवर उभा राहून आलेला असतो.

उपायांपैकी डोळ्यांत भरते ते ‘सिल्ट फेन्स’, खुंट्यांना ताणलेले काळे कापडी कुंपण. त्याची खालची कड चरात पुरून माती ठोकून बसवावी लागते, नाही तर पाणी सरळ खालून निघून जाते. कुंपणामागे साचलेला गाळ निम्म्या उंचीला पोचण्याआधी काढायचा असतो. हे कुंपण संथ पसरून येणाऱ्या पाण्यासाठी आहे. ओहोळाच्या वाटेवर ते आडवे घातले की हमखास कोसळते. बाहेर पडण्याच्या वाटेवर खडीचा पट्टा करतात, म्हणजे ट्रकच्या चाकांची माती तिथेच झडते. तरी रस्त्यावर माती गेलीच, तर त्याच दिवशी काम संपेपर्यंत उचलायची. पावसाळी गटारांच्या तोंडांना संरक्षण आणि मोठ्या जागांवर गाळतळे लागते. काँक्रीटची यंत्रे धुतलेले अल्कधर्मी पाणी न झिरपणाऱ्या खड्ड्यात घ्यावे लागते. नदी-ओढ्याच्या काठी ५० फुटांचा, म्हणजे सुमारे १५ मीटरचा, नैसर्गिक झाडोरा राखायचा किंवा तितकाच गाळ अडेल अशी दुसरी सोय करायची.

या सगळ्यांत मोलाची अट दिसायला सर्वांत रुक्ष आहे. ज्या भागावर चौदा किंवा अधिक दिवस काम होणार नाही, तिथे माती स्थिर करण्याचे काम लगेच, म्हणजे उशिरात उशिरा दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर, सुरू करायचे. एका वेळी पाच एकरांपर्यंत जमीन उघडी असेल तर ते चौदा दिवसांत पुरे करायचे, त्याहून अधिक असेल तर सात दिवसांत. स्थिर करणे म्हणजे पेरणी, पेंढ्याचे आच्छादन, काथ्याच्या किंवा तत्सम जाळ्या. सगळी जागा एकदम सोलून ठेवणे ठेकेदाराला सोयीचे जाते, कारण यंत्रे एकदाच आणावी लागतात. ही अट त्या सोयीवर किंमत लावते आणि टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्याला सवलत देते. वॉल्मन यांनी दाखवलेल्या उघडेपणाच्या काळालाच ती थेट हात घालते. कुंपणाचा दर्जा, तळ्याचा आकार हे सारे त्यानंतर येते. तपासणीला येणारेही अनेकदा कुंपण पाहून जातात आणि मागचा महिनाभर ओसाड पडलेला उतार पाहत नाहीत. खरे तर आधी त्याचीच तारीख विचारायला हवी.

तपासणीचे दोन पर्याय आहेत: दर सात दिवसांनी, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच (सुमारे ६ मिमी) पाऊस पडल्यावर चोवीस तासांच्या आत. तपासणाऱ्याने विहित प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. अहवाल चोवीस तासांत लिहायचा. किरकोळ दुरुस्ती दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत आणि नवी उपाययोजना साधारण सात दिवसांत करायची. पायाच्या खड्ड्यातले पाणी संवेदनशील जलाशयात उपसून सोडायचे असेल तर त्याचा गढूळपणा मोजावा लागतो. त्यासाठी ५० एनटीयू (गढूळपणाचे एकक) हा मापदंड धरला आहे. सर्व मोठ्या बांधकामांच्या पाण्यासाठी २८० एनटीयूची देशव्यापी मर्यादा ईपीएने २००९ मध्ये घातली होती. तिच्यामागच्या आकडेमोडीवर आक्षेप आले, अंमलबजावणी स्थगित झाली आणि २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्यामुळे आजही हा परवाना मुख्यतः कृतीच्या अटींवर चालतो, निघणाऱ्या पाण्याच्या मोजमापावर नाही. ओढ्याच्या दृष्टीने हा मोठाच तोटा आहे.

अटी मोडल्यास दर दिवशी, दर उल्लंघनामागे दंड होतो. महागाईनुसार वाढवलेली त्याची कमाल रक्कम आता ६० हजार डॉलरहून अधिक आहे. २००८ मध्ये देशातील चार मोठ्या घरबांधणी कंपन्यांनी अशा प्रकरणांत एकत्रित ४३ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. परवाना संपवण्यासाठीही अर्ज लागतो. पक्के बांधकाम नसलेल्या भागावर, त्या प्रदेशात नैसर्गिकपणे जितकी वनस्पती असते तिच्या किमान ७० टक्के आच्छादन एकसारखे उगवले, तात्पुरती कुंपणे काढली आणि छायाचित्रे जोडली की जबाबदारी सुटते. कापडी कुंपण वर्षानुवर्षे तसेच लोंबत राहिलेले दिसते, तेव्हा ही शेवटची पायरी कोणीतरी गाळलेली असते.

राज्यांची मोजपट्टी बरीच वेगळी आहे. मिशिगनमध्ये एक एकराची अट आहेच, शिवाय तलाव किंवा प्रवाहापासून ५०० फुटांच्या आतले लहान कामही परवान्याखाली येते. तो मिळेपर्यंत बांधकाम परवाना देता येत नाही. न्यू जर्सीत ५,००० चौरस फुटांहून अधिक जमीन उघडी होणाऱ्या प्रकल्पांचा आराखडा स्थानिक मृदासंधारण जिल्ह्याने प्रमाणित करावा लागतो. स्वतंत्र एकट्या घराला त्यातून सूट आहे. जिल्ह्याचा पूर्ततेचा अहवाल नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र अडते. याच राज्यातल्या एडिसन परिसरात नव्या वसाहतीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या घराची किल्लीही अंगणातल्या मातीच्या या कागदावर अवलंबून असते.

भारतात या स्वरूपाचा स्वतंत्र परवाना नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढील बांधकाम क्षेत्राच्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते. मातीचा सुपीक वरचा थर काढून राखून ठेवण्यासारख्या अटी तिच्यात असतात. पण मोजले जाते ते बांधकाम क्षेत्र. डोंगराचा उतार पोखरून थोडेच बांधले, तर कितीही माती उघडी पडली तरी ही मर्यादा ओलांडली जात नाही. महाराष्ट्रात खोदलेला मुरूम गौण खनिज म्हणून महसूल खात्याच्या हिशेबात येतो. तिथे प्रश्न असतो स्वामित्वधनाचा, ओढ्यात गेलेल्या गाळाचा नव्हे. शिवाय पाव इंचाचा अमेरिकी निकष इथे जसाच्या तसा आणून चालणार नाही. कोकणात जुलैमध्ये तो जवळजवळ रोजच पुरा होतो, म्हणून आपल्याकडे तपासणीपेक्षा माती पावसाळ्याआधी झाकण्याच्या तारखेला अधिक महत्त्व द्यावे लागेल. अमेरिकी पद्धतीच्या सर्वांत जवळ जाते ती गोव्याच्या नगर व ग्रामरचना कायद्यातील कलम १७-अ ची तरतूद. मुख्य नगररचनाकाराच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून डोंगराळ जमीन कापण्यास आणि सखल जमीन भरण्यास ती मनाई करते. तिथे वर काय बांधणार हे पाहण्याआधी जमिनीला हात लावण्याचीच परवानगी घ्यावी लागते.