दक्षिणा : एका निधीचे अर्थांतर

शब्दाचे रूप जसेच्या तसे राहते आणि अर्थ मात्र त्याच्या आतून हळूहळू पालटत जातो, ही घटना भाषेच्या अभ्यासकांस नवी नाही. परंतु अशा पालटाबरोबर शेकडो कुटुंबांचे उत्पन्न, एका भाषेचे गद्य आणि काही शाळांचे अस्तित्वही हलावे, असे प्रसंग विरळा. पुण्याच्या दक्षिणा-निधीचा इतिहास हा असा एक प्रसंग आहे. दात्याच्या दानातून शिक्षणाचे पोषण कसे होते, याचा विचार आज करताना हे उदाहरण विशेष उपयोगी पडते; कारण येथे दान एकच राहिले असून त्याचा हेतू, त्याचे अधिकारी आणि त्याची कसोटी ही तिन्ही निरनिराळ्या वेळी बदलली.

‘दक्षिणा’ हा शब्द मुळात यज्ञविधीतला. यजमानाने ऋत्विजास द्यावयाची ही देणगी बहुधा गाईच्या रूपाने असे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१०७) तिच्या स्तुतिपर एक स्वतंत्र सूक्तच आहे. भिक्षा आणि दक्षिणा यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. भिक्षा ही दात्याच्या दयेवर अवलंबून, तर दक्षिणा ही कर्माचे अंग. तिच्यावाचून यज्ञ पुरा होत नाही. अर्थात् ती घेणाराच्या बाजूने पाहता हक्कच ठरते. एकोणिसाव्या शतकात पुण्यात जो कलह माजला, त्याचे बीज या जुन्या अर्थात आहे, हे लक्षात ठेविले पाहिजे.

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांस प्रतिवर्षी दक्षिणा वाटीत. त्यांचा पुत्र त्र्यंबकराव १८३१ च्या बरोबर एक शतक आधी, १७३१ साली, डभोईच्या लढाईत पडल्यानंतर हा प्रघात पहिल्या बाजीरावाने पुण्यास आणला. ज्या घराण्याशी युद्ध झाले त्याचेच पुण्यकर्म विजेत्याने आपल्या शिरावर घ्यावे, यात धर्मबुद्धी किती व राजनीती किती, हे ठरविणे कठीण, दोन्ही असावीत. पुढे श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत. शास्त्र्यांची विद्वत्ता पारखून त्यांस मान मिळे, बाकीच्यांस उपस्थितीमुळे. विद्येची कसोटी होती, परंतु ती शिथिल होती. आणि अधिकारी एकाच वर्णाचे होते.

१८१८ साली राज्य गेले. नवे राज्यकर्ते ही रूढी एकदम मोडण्यास धजले नाहीत, कारण पुण्यातील शास्त्रीवर्गाचा असंतोष एल्फिन्स्टनला परवडणारा नव्हता. दक्षिणेचा वार्षिक खर्च ५० हजार रुपयांवर आणून ती चालू ठेवण्यात आली. त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, चॅप्लिन कमिशनर असताना, विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ उघडले. वरवर पाहता हा केवळ खर्चाचा एक नवा रकाना वाटतो. पण पालट येथे सुरू झाला. विद्वत्ता सिद्ध झाल्यावर द्यावयाचे धन आता विद्वत्ता निर्माण करण्यासाठी खर्ची पडू लागले. दक्षिणा ही कर्माची सांगता होती. ती आता कर्माचा आरंभ झाली. विषय जुनीच शास्त्रे, विद्यार्थीही ब्राह्मणच, म्हणून कोणाची फारशी हरकत दिसली नाही.

हरकत आली ती पुढे. १८३० नंतरच्या दशकात दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे सरकारने थांबविले. जुना अधिकारी मरण पावला की त्याची रक्कम शिल्लक पडे, आणि ही शिल्लक वर्षानुवर्षे वाढत जाई. तिचे करावयाचे काय? १८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांच्यासारख्या सुधारणावादी तरुणांनी पुढाकार घेऊन सरकारास अर्ज केला की, हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ निर्माण करण्याकडे लावावा. अर्जदार स्वतः बहुतांशी ब्राह्मणच होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्यावर जो रोष झाला तो परकीयावरील रोषाहून तीव्र होता. घरच्याच मुलांनी घरचे उत्पन्न दुसऱ्याच्या हवाली केले, अशी सनातनी मंडळींची भावना झाली. आणि दक्षिणेचा जुना अर्थ प्रमाण मानल्यास त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

या नावाकडे क्षणभर थांबून पाहण्याजोगे आहे. तीन शब्द, दोन भाषा. ‘दक्षिणा’ हक्क सांगते, ‘प्राइझ’ स्पर्धा सांगते, आणि ‘कमिटी’ सांगते की निवाडा यजमान करणार नसून मंडळ करणार. जुना शब्द टाकून दिला असता तर संस्था अधिक सुसंगत झाली असती, पण तिला मान्यता मिळाली नसती.

कमिटीचे चिटणीसपद काही काळ कृष्णशास्त्री चिपळूणकरांकडे होते. बक्षिसासाठी येणाऱ्या ग्रंथांत भाषांतरांचा भरणा मोठा. याच वर्षांत मराठी शालेय गद्यावर मेजर टॉमस कँडी यांचा हात फिरत होता. मोल्सवर्थच्या कोशाचे हे सहकारी १८३७ पासून पुण्याच्या पाठशाळेवर देखरेख करीत होते, आणि मराठीस विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे जाते. बक्षिसाच्या आशेने लिहिलेले गद्य परीक्षकाच्या रुचीप्रमाणे वळते. त्यामुळे व्यवस्थित, निर्दोष आणि काहीसे निःसत्त्व असे एक मराठी तयार झाले. १८७४ साली ‘निबंधमाले’च्या पहिल्या अंकात मराठीच्या तत्कालीन स्थितीबद्दल तक्रार करणारे विष्णुशास्त्री हे त्याच कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव, हा योगायोग नव्हे. तरीही इतके मान्य केले पाहिजे की ज्या गद्याविरुद्ध बंड करावयाचे, ते आधी अस्तित्वात यावे लागते. आणि ते आणण्यास हा निधी साह्यभूत झाला.

परंतु दक्षिणेच्या अर्थात सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती ग्रंथांच्या नव्हे, शाळांच्या संबंधात. जोतीराव फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८५१ व १८५२ साली बुधवार, रास्ता व वेताळ पेठांत आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. या कार्यास दक्षिणा प्राइझ फंडातून दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले. रक्कम लहान आहे. पण ज्या रमण्याच्या दारातून शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस प्रवेश नव्हता, त्या रमण्याचे धन त्यांच्याच शाळेतील शिक्षकाच्या पगाराकडे गेले, याला केवळ हिशेबाची नोंद म्हणता येणार नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी फुल्यांचा जो सरकारी सत्कार झाला, तोही कँडींच्या हस्ते, विश्रामबागवाड्यातच.

याचा अर्थ कमिटीचे मन पालटले असा मात्र घेऊ नये. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे धाडले. ते स्वीकारले गेले नाही, आणि त्याचे कारण कमिटीतील भट सभासदांचा आग्रह हे होते, असे फुल्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविले. शाळेस पैसा देता येत होता. त्या शाळेमागील विचारास देता येत नव्हता. हे नाटक छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी या प्रश्नाच्या मुळास हात घातला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांचे प्रतिपादन होते; शिष्यवृत्त्याही ज्या वर्गांत विद्येचा प्रसार नाही त्यांस मिळाव्यात, असे त्यांनी सुचविले. हे मत दक्षिणेस लावून पाहिल्यास ‘दाता कोण?’ हा प्रश्नच निराळा होतो. दाभाडे, पेशवे वा कंपनी सरकार हे देणारे हात होत. धन जमिनीच्या साऱ्याचे होते. १८४९ च्या वादात दोन्ही पक्षांनी हा मुद्दा ध्यानी घेतलेला दिसत नाही.

निधीचा पुढील अवतार म्हणजे ‘दक्षिणा फेलो’. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ साली असे फेलो झाले. काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि नंतर डेक्कन कॉलेजात गोपाळ गणेश आगरकर हेही त्या परंपरेतले. आगरकरांसारख्या पुरुषाने दक्षिणेवर अध्ययन करावे, हा विरोधाभास त्यांच्या समकालीनांस जाणवलाही नसेल, इतका तो शब्द तोवर झिजला होता. नेमकी उलट प्रक्रिया जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीच्या बाबतीत आढळते. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात श्रेष्ठ ठरणाऱ्यास मिळणारी ही खाजगी देणगी. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुखांनी मिळविली. दात्याचे नाव तेथे इतके ठसले की ‘त्याला शंकरशेट मिळाली’ असे स्त्रीलिंगी रूप बोलण्यात रूढ झाले. पुरुषाचे नाव शिष्यवृत्तीचे लिंग घेऊन बसले. शाळेच्या कारभारात दात्याचा काडीचाही हात नसताना हुशार मुलांच्या मास्तरांनी संस्कृतास अधिक वेळ द्यावा, एवढा प्रभाव त्या एका बक्षिसाचा होता.

दक्षिणेस दानपत्र नव्हते. होती ती रूढी. म्हणूनच तिचा हेतू प्रत्येक राजवटीस वळविता आला, आणि म्हणूनच ७५ रुपये फुल्यांच्या शाळांपर्यंत पोहोचू शकले. दानपत्र असते तर न्यायालयाने ते बहुधा रमण्यातच अडकवून ठेविले असते. याच्या दुसऱ्या बाजूस त्याच हिंदू कॉलेजचा पुढील इतिहास आहे. १८५१ साली ते पूना कॉलेज झाले, आणि १८६८ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साह्याने उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या इमारतीत डेक्कन कॉलेज या नावाने गेले. १९३४ साली सरकारने ते बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या हाती दक्षिणेची शंभर वर्षांची परंपरा होती, पण उपयोगी पडल्या त्या जीजीभाईंच्या देणगीच्या अटी. १९३९ साली संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी पुन्हा उघडली, आणि तिच्या पहिल्या विभागांत सुमित्र मंगेश कत्रे यांच्याकडे भाषाशास्त्राचा विभाग होता.