तिरकमठा, वळीव आणि उडणारी माणसं

मे महिन्यातल्या बार्शीच्या हवेवर कुणी भरवसा ठेवू नये. सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. दुपारी वावटळ उठते आणि बाजारातला पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या गोल गोल फिरवत नेते. चारच्या सुमाराला बालाघाटाच्या बाजूनं ढग चढले की अर्ध्या तासात वळीव कोसळून मोकळा होतो, कधी गाराही पडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन, फक्त जरा दमट. अशा दिवसांत सुट्टीतल्या मुलांना कशात गुंतवायचं, हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी असतो. शिबिरांची फी सगळ्यांना परवडत नाही, बाहेर ऊन, मग उरतो मोबाईल.

यंदा आपाची दोन्ही मुलं माझ्याकडे आहेत. थोरल्याला तिरंदाज व्हायचंय. धाकट्यानं मोबाईलवर हँग ग्लायडिंग पाहिलंय, त्रिकोणी पंखाखाली आडवा लटकलेला माणूस डोंगरावरून तरंगत निघतो ते. त्यामुळं त्याला उडायचंय. बार्शीत एकवेळ बांबू वाकवून नेम धरता येईल, पण उडण्याची सोय नाही. तरी दोघांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता मी तवारीखेत शिरलो आणि एक गोष्ट दिसली. या दोन्ही छंदांत खरी हुकमत हवेची असते. हवा ओळखणारी, शिंग, सरस, बांबू, कापड हाताळणारी माणसं यात पुढं गेली. आपण मात्र इतिहास सांगताना त्यांना वगळून फक्त बादशहा सांगतो.

सुरुवात शब्दापासून. गावाकडं पोरं बांबूच्या कांबीला दोरी ताणून जे खेळणं करतात त्याला मराठीत तिरकमठा म्हणतात. यातला ‘तीर’ फारसी आणि ‘कमठा’ आपल्या मातीतला. तिरंदाज शब्द पूर्ण फारसी, पण वारकऱ्याच्या घरातही तो परका वाटत नाही. कमान तर इतकी मुरली की वेशीला कमान आली, घड्याळातही कमान आली. मूळ अर्थ धनुष्य, हे आता कुणाला आठवतही नाही.

मुसलमानांच्या घरात तिरंदाजीबद्दल बोलायचं तर हदीस आठवतेच. नेमबाजी शिका, शिकलेली विसरू नका, असा आग्रह हदीसच्या संग्रहांत आहे. पण मला त्यातला एक प्रसंग जास्त आवडतो. अस्लम कबिल्याची माणसं दोन गट करून नेम धरण्याची शर्यत खेळत होती. पैगंबर तिथून जाताना थांबले आणि एका गटाच्या बाजूनं उभे राहिले. तसे समोरच्या गटानं हात आखडले. आता यांच्याविरुद्ध तीर कसा सोडायचा? तेव्हा पैगंबरांनी आपण दोन्ही गटांसोबत असल्याचं सांगितलं आणि खेळ पुढं सुरू झाला. बुखारीत ही हकिगत आहे. आपल्याकडं तिरंदाजीचं नाव काढलं की लगेच जंग, गाझी, किल्ले सुरू होतं. हा प्रसंग खेळाचा आहे आणि खेळ थांबू नये म्हणून घेतलेल्या काळजीचा आहे. पोरांच्या खेळण्याला वेळ घालवणं म्हणणाऱ्या बुजुर्गांनी तो जरूर आठवावा.

आता बार्शीच्या शेजारी येऊ. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर परांडा आहे. आज विजापूरच्या बुरुजावर दिसणारी मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली याच परांड्यातून तिकडे नेली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं, तेव्हा मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि निजामशाहीची राजधानी परांड्याला आणली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू देत नव्हता.

जहांगीरला हे किती सलत होतं, याचा पुरावा एका चित्रात आहे. साधारण १६१६ च्या सुमाराला त्याचा चित्रकार अबुल हसन यानं ते काढलं. आज ते आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा आहे. गोल बैलावर, बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं डोकं, आणि बादशहा कमान ताणून त्याच्यावर तीर सोडतोय. प्रत्यक्षात ते डोकं अंबरच्या धडावर शाबूत होतं. १६२६ साली म्हातारपणी तो आपल्या मौतीनं मेला आणि खुलताबादला दफन झाला. जे रणांगणात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमद खाननं अंबरच्या मृत्यूनंतर त्याची तारीफ लिहून ठेवली, हेही इथं नोंदवायला हवं.

अंबरला हवा आणि पाणी कळत होतं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यानं तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजेभोवती चिखल केला. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी या लढाईत त्याच्या बाजूनं होते. शरीफजी तिथंच कामी आले.

हवेचा संबंध कमानीशीही थेट आहे. मोगल, तुर्क, दख्खनी फौजांची उत्तम कमान म्हणजे नुसता वाकवलेला बांबू नव्हे. मध्ये लाकूड, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पलीकडच्या बाजूला जनावराच्या शिरांचे तंतू, आणि हे सगळं सरसानं चिकटवलेलं. ती वाळायला महिनोन्‌महिने लागत. दोरी उतरवली की उलट्या दिशेला वळून बसे. अशी कमान कोरड्या हवेत कमाल करते, पण पावसाळा तिचा दुश्मन. ओल लागली की सरस सुटतो, ताण जातो. म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानी घडवल्या गेल्या. त्या हाताला जड, तीर फेकण्यात थोड्या मंद, पण सिलेखान्यात वर्षानुवर्षं टांगून ठेवल्या तरी बिघडत नसत. आमच्या वळवाच्या मुलखात हा हिशेब चटकन समजतो.

तुर्कांनी तर वाऱ्याचाही हिशेब ठेवला. इस्तंबूल जिंकल्यावर त्यांनी तिथं ओकमैदान म्हणजे तिरांचं मैदान राखलं. ज्याचा तीर सगळ्यात लांब गेला त्याच्या नावाचा दगड तिथं उभा राही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या तुर्की वकिलातीतल्या महमूद एफेंदीनं इंग्रजांसमोर तीर सोडून दाखवले. वाऱ्याविरुद्ध ४१५ यार्ड आणि वाऱ्यासोबत ४८२ यार्ड अशी नोंद आहे. फरक फक्त वाऱ्याचा. २०१९ मध्ये युनेस्कोनं तुर्की तिरंदाजीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

बंदूक आली आणि कमानी घडवणारे कमानगर रिकामे झाले. कच्छमध्ये हे मुस्लिम कारागीर भिंतींवर चित्रं काढू लागले. तिथल्या चित्रशैलीलाच कमानगरी म्हणतात, पण ज्यांच्यामुळं हे नाव पडलं त्या कमानी कधीच गेल्या. सिंध-पंजाबात यातलेच काही जण हाडवैद्य झाले. लाकूड, शिंग आणि शिरा यांचा ताण ज्याला कळतो त्याला निखळलेला सांधाही कळणार.

महाराष्ट्रात मुसलमानांच्या हातात राहिलेली कमान मात्र लढाईची नव्हती. ती पिंजाऱ्याची होती. पुरुषभर लांब लाकडी दांडा, त्याला ताणलेली तात, लाकडी ठोकळ्याचा ठोका बसला की ट्वँऽऽव् असा आवाज आणि भुरभुर उडणारा कापूस. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. १८९७ साली इंग्रज इंजिनिअर कॅलथ्रॉपची अरुंद रुळांची बार्शी लाईट रेल्वे इथं आली, तीही या व्यापाराच्या जोरावर. पावसाळ्याआधी गाद्या-रजया उसवून कापूस पिंजून घ्यायचा, म्हणजे पिंजाऱ्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही आडनावं सोलापूर जिल्ह्यात जागोजाग भेटतात. नदाफचा अरबी अर्थ कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव सूफी मन्सूर हल्लाजवरून घेतलेलं, आणि हल्लाजचा अर्थही पिंजारीच. थोरल्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, “मामू, मग त्या कमानीनं नेम नाही धरता येत?” नाही येत. पण तात किती ताणावी, दमट दिवशी ती का सैल पडते, हे त्या उस्तादांना कोणत्याही तिरंदाजाइतकंच कळायचं. यंत्रं आल्यावर हा आवाज गल्लीतून गेला. त्याची दखल कोणत्या इतिहासात घ्यायची?

नेमबाजीसाठी मात्र आता फार लांब पाहायची गरज नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं जगज्जेतेपद मिळवलं. पन्नास मीटरवरचं लक्ष्य, मध्ये वारा. पोरांना मी या तिघांची नावं पाठ करायला लावली. मलिक अंबर त्यानंतर.

आता धाकट्याचं उडणं. इथं जरा कडू बोलावं लागेल. जगात पहिला माणूस मुसलमानानं उडवला, असा फॉरवर्ड माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो. दुसऱ्या ग्रुपवर तळपदेंचा येतो, १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचा. तळपदेंच्या उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा पुढं आलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार देतात त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला. हे आपण आनंदानं वाचतो. मग तोच गज आपल्या बाजूलाही लावला पाहिजे.

कुर्तुबाचा अब्बास इब्न फिरनास नवव्या शतकातला. पिसं लावून, पंख बांधून त्यानं झेप घेतली, काही अंतर गेला आणि उतरताना आपटला, कारण शेपूट लावलं नव्हतं. ही हकिगत सविस्तर सांगतो अल-मक्करी, आणि तो सतराव्या शतकातला. मध्ये सातेकशे वर्षं. इब्न फिरनासच्या काळातल्या एका शायराची ओझरती साक्ष आहे, म्हणून काहीतरी घडलं असावं असं मला वाटतं, त्यापलीकडं नाही. इस्तंबूलच्या गलाता मनोऱ्यावरून बॉस्फरस ओलांडणारा हेझारफेन अहमद चेलेबी तर फक्त एव्हलिया चेलेबीच्या प्रवासवर्णनात भेटतो, आणि एव्हलियाला गोष्ट रंगवायची खोड होती.

मला जास्त जवळचा वाटतो तो अल-जौहरी. यानं ‘अस-सिहाह’ नावाचा अरबी शब्दकोश रचला, जो विद्वान शतकानुशतकं वापरत आले. सन १००० च्या आसपास निशापूरला या कोशकारानं लाकडी पंख बांधले, मशिदीच्या छतावर चढला आणि उडी मारली. तो मेला. कोशाचा काही भाग त्याच्यामागं शिष्यानं पूर्ण केल्याचं सांगतात. आपल्या फॉरवर्डमध्ये जौहरी कधी नसतो, कारण तो पडला. पण उडण्याचा इतिहास पडलेल्यांनीच तर घडवलाय.

ज्याला आज हँग ग्लायडर म्हणतो त्याचा खरा उस्ताद जर्मनीचा ऑटो लिलिएंथल. विलोच्या लवचिक काड्या आणि त्यावर ताणलेलं सुती कापड, एवढंच साहित्य. १८९१ पासून पाच वर्षांत त्यानं सुमारे दोन हजार झेपा घेतल्या, प्रत्येकीतून काही शिकला, लिहून ठेवलं, फोटो काढू दिले. ९ ऑगस्ट १८९६ ला, उन्हाळ्यातल्या एका दिवशी, तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या झोतानं त्याचा पंख वर उचलला, वेग मेला आणि पंधराएक मीटरवरून तो कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनला गेला. पुढं अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी घरातल्या पडद्याच्या कापडापासून लवचिक पंख केला. १९५१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि सत्तरच्या दशकात त्यावरूनच हँग ग्लायडिंगचा खेळ जगभर पसरला.

लिलिएंथलला पाडणारी हवा म्हणजे आमची वावटळच. जमीन तापते, हवा वर चढते, धूळ उचलली गेली की ती डोळ्याला दिसते, नाहीतर दिसत नाही. आजचे वैमानिक त्याच हवेच्या खांबात शिरून गोल गोल फिरत उंची मिळवतात. तो खांब कुठं आहे हे कळायला घारीकडं पाहतात. पंख न हलवता जिथं घार वर चढतेय तिथं हवा वर जातेय. धाकट्याला मी दुपारी गच्चीच्या सावलीत बसवून घारी मोजायला लावलंय. दोन दिवसांत वावटळ आणि घार यांचा मेळ त्यानं स्वतःच लावला.

त्याला प्रत्यक्ष दाखवायचं तर पुण्या-मुंबईच्या मधलं कामशेत गाठावं लागेल. तिथं बहुतेक पॅराग्लायडिंग चालतं. त्याचा पंख नुसत्या कापडाचा, हँग ग्लायडरसारखा दांड्यांचा सांगाडा त्याला नसतो. हंगाम ऑक्टोबर ते मे. मे सरत आला की दुपारच्या ढगांवर नजर ठेवावी लागते, कारण कोबीच्या गड्ड्यासारखा उंच चढणारा ढग पंखासकट माणसाला आत ओढून घेऊ शकतो. असा ढग दिसला की शहाणा वैमानिक उतरतो आणि पंख गुंडाळतो. साधारण त्याच वेळेला बार्शीत आपा मला हाक मारते, गच्चीवरचे सांडगे आणि पापड आत घ्यायला.