पर्जन्यछाया व रब्बी ज्वारी
सह्याद्रीमुळे महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पूर्वेला पर्जन्यछायेतील मंगळवेढ्यात जेमतेम ५००च्या आसपास. तोही बेभरवशाचा, मुख्यतः सप्टेंबरात. म्हणून येथील खरे पीक रब्बीचे. खोल काळी जमीन परतीचा पाऊस धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी त्या ओलीवर व थंडीवर पोसते. पुढे जमीन भेगाळते, मुळे तुटतात, ओल उडते; कोळपणीने भेगा बुजवणे म्हणजे जवळजवळ एक पाणी देण्यासारखेच. ढगाळ हवेत मात्र मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो आणि कडबाही काळवंडतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.