दोन धारांमधली दून

हिमालय म्हटला की शाळेत पाठ केलेल्या तीन समांतर रांगा आठवतात: हिमाद्री, हिमाचल, शिवालिक. सगळी नावे उंचीची. धौलाधार हे नावही तसेच. कांगड्याच्या डोक्यावरची ती धवल धार. डोंगराच्या अरुंद माथ्याला धार म्हणायची रीत सह्याद्रीतही आहे, त्यामुळे ते नाव आपल्याला परके वाटत नाही. पण या रांगांच्या मधे जी सखल जागा उरते, तिचे नाव मला या सगळ्यांहून सुंदर वाटते. ते नाव दून.

शिवालिक आणि तिच्या उत्तरेची मध्य हिमालयाची रांग यांच्यामधे सपाट तळाची लांबट खोरी आहेत. पश्चिमेकडून निघालो की नालागडची दून, पिंजोरची दून, पावंटा साहिबजवळची क्यारदा दून, मग देहरादून आणि पुढे रामगंगेच्या काठची पाटली दून. ही शेवटची आता कॉर्बेटच्या व्याघ्र प्रकल्पात येते. नेपाळातली दांग आणि चितवन ही खोरीही याच जातीची.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘द्रोणी’त आहे. ‘द्रु’ म्हणजे लाकूड. लाकूड कोरून केलेले भांडे तो द्रोण, लांबट कोरले तर द्रोणी. पुराणांतल्या भूवर्णनात दोन पर्वतांमधल्या खोऱ्यालाही द्रोणीच म्हटले आहे. पुढे बोलता बोलता ‘द्र’मधला ‘र’ गळाला आणि पहाडात दून उरली. मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला. पंगतीतला पानांचा द्रोण संस्कृत रूप जपून आहे, तर विहिरीजवळची, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण लोकांच्या तोंडून घडत आली. ज्याने ही डोण पाहिली आहे त्याला दूनचा आकार निराळा समजावून सांगावा लागत नाही: लांबी पुष्कळ, रुंदी बेताची, दोन्ही अंगांना काठ.

हा आकार आला कुठून? सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला भिडला. रेटा दक्षिणेकडून, म्हणून वळ्या आणि भेगा त्याला आडव्या पडल्या, आणि रांगा एकीमागे एक उभ्या राहिल्या. नवी भेग दर वेळी आणखी दक्षिणेला पडत गेली. शिवालिक त्यांतली सर्वांत धाकटी. तिचे खडक म्हणजे हिमालयातूनच नद्यांनी वाहून आणलेले गोटे, वाळू आणि चिखल; तोच गाळ पुढे दाबाखाली वर उचलला गेला. मागे जी पन्हळ राहिली तिच्यात उत्तरेकडच्या ओढ्यांनी पुन्हा दगडगोटे आणून ओतले.

देहरादून नकाशावर जरूर पाहावी. उत्तरेला मसुरीचा डोंगर, दक्षिणेला शिवालिक, एका टोकाला गंगा, दुसऱ्या टोकाला यमुना. खोऱ्याच्या तळालाच मधे थोडा उंचवटा आहे. त्याच्या पश्चिमेचे पाणी आसन नदी यमुनेला नेते, पूर्वेचे सोंग आणि सुसवा गंगेला.

द्रोणाचार्यांनी इथे तप केले म्हणून दून, असे तिथे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही, पण गंमत अशी की महाभारतात खुद्द द्रोणाचार्यांचा जन्मही द्रोणात, म्हणजे भांड्यातच झालेला आहे. खोरे आणि गुरू, दोघांच्याही नावात तेच भांडे. ‘देहरा’ची कथा बरीच अलीकडची: सतराव्या शतकात गुरू राम राय यांनी इथे डेरा दिला, त्यावरून गावाचे नाव पडले.

म्हणून मराठी वर्तमानपत्रांत ‘डेहराडून’ छापलेले दिसले की मला वाईट वाटते. ‘डोण’मधला ‘ड’ पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून आला, तो आपला आहे. ‘डून’मधला ‘ड’ मात्र रोमन अक्षरांवरून उचललेला. तिथले लोक देहरादून म्हणतात, आणि आपल्यालाही ते सहज म्हणता येते.